आईच्या थुंकीचा रिपोर्ट

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी. त्यामुळे आईच्या थुंकीचा रिपोर्ट आला तेव्हा तो वाचायचा हक्क माझाच, असं मी धरून चालले. चार महिने ती टीबीच्या गोळ्या खात होती, तरी खोकला हटत नव्हता. वहिनीचं बाळ दोन महिन्यांचं झालं, पण आईने नातवाला एकदाही हातात घेतलं नव्हतं. तोंडाला पदर लावून दारातूनच बघायची.

रिपोर्टात होतं, टीबीचा जंतू नाही, त्याच्याच कुळातला दुसरा वाढलाय. मी मोबाइलवर शोधलं. हा पाण्यात, मातीत राहतो, माणसापासून माणसाला सहसा लागत नाही, आणि कुठल्या कुठल्या बेटांवरच्या लोकांच्या फुप्फुसांत आताशा जास्त सापडतोय.

"आपण कधी गेलो व पोरी, बेटावर?" आई हसली. "मी तर आपल्या नदीवरच्या राजघाटच्या पुढचं पाणी नाही पाहिलं."

"जंतूला कुठं तिकीट लागतं?" मी म्हटलं. तिच्या गोळ्या उचलून कपाटावर ठेवल्या आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. वहिनी उठून पुढे आली. "मी वाचलंय ना सगळं," मी तिला सांगितलं.

चौथ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला. मग आईला विचारलं, "अम्मा, थूकने से पहले डब्बी धोई थी क्या?"

"धुतली ना. टाकीच्या नळाखाली, चांगली घासून. कोणाच्या हातात द्यायची वस्तू तशीच कशी द्यायची?"

गावाकडे, फोपनारला केळीच्या बागेत असतानाही कोणी पाणी मागितलं, तर ती लोटा घासूनच द्यायची. मला हे माहीत होतं. नमुना कसा द्यायचा हे तिला मीच समजावलं होतं, पुस्तकी शब्दांत, आणि डबी धुवायची नाही, नेमकं एवढंच सांगितलं नव्हतं.

असा जंतू नळाच्या पाण्यातही असतो, बाई म्हणाल्या. छातीतून आला की टाकीतून, कोण सांगणार? "गोळियाँ तो चालू हैं ना?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

"मी बंद केल्या."

त्यांना ऐकू गेलं नाही. मला परत सांगावं लागलं. बाळाचंही सांगितलं.

नवी डबी न धुता दिली. मशीनवरच्या तपासणीचा रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी आला. टीबीच होता, आणि नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा.

घरी वहिनी बाळाला तेल लावत होती. मी सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"तुम्ही तर शिकलेल्या ना, ताई?"

"शिकलेय. तरी चुकले. उद्या बाळाला दाखवायला न्यायचंय. मी येते बरोबर."

"तुम्ही नका येऊ."

सकाळी मीच रिक्षा आणून दारात उभी केली. ती बाळाला घेऊन मागे बसली, मी पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी. दवाखान्याशी उतरताना तिने दुपट्यांची पिशवी माझ्याकडे दिली. बाळ नाही दिलं.