चालत्या माणसाची बॅटरी

गंगव्वा आक्का कुठलीही वस्तू घेण्याआधी ती कमरेला बांधून चालून बघायची. औरादच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं समोरचा एक चार्जर उचलला, पदरात गुंडाळून कमरेला खोवला आणि सरळ रस्त्याला लागली. मी मागे धावलो. बस स्टँडपर्यंत जाऊन ती आपणच वळली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "बोचायलंय. चार कोसात कातडं सोलील. दुसरं दाव."

आक्का मेंढपाळ. पन्नाशी ओलांडलेली, काटक, बोलायला फटकळ. धाकटा भाऊ शिवप्पा, शंभरेक मेंढरं आणि सामान वाहणारं एक घोडं घेऊन ती दिवाळीनंतर गाव सोडायची. उदगीर, देगलूर करत पार तेलंगणाच्या अंगाला, आणि मिरगाच्या आधी परत. वाटेत कळप औरादच्या जवळपास असला की ती बाजाराला येऊन जायची. मोबाइल तिला लेकीनं, रेणुकानं दिला होता. ती हैदराबादला बांधकामावर होती. आक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून एकच्या बटणावर रेणुका आणि दोनवर जनावरांचा डॉक्टर, असं मी लावून दिलं होतं.

अडचण एकच. सीमेवरच्या शिवारात फोन सारखा टॉवर शोधत राहायचा आणि दीड दिवसात गार पडायचा. गावात चार्जिंगला ठेवावा, तर वीज गेलेली. "फोन तिथं, मेंढरं इथं," ती वैतागून म्हणायची. "मी मधी काय करू, सांग की!"

मी सांगत गेलो. आधी पेन्सिल सेलवर चालणारी डबी दिली. खेड्यातल्या दुकानात सेल मिळायचे ते आधीच मेलेले. मग हातानं फिरवायचं यंत्र दिलं. महिन्याभरात ती मनगट सुजवून आणि दांडा मोडून परत आली. "एवढं जातं फिरवलं असतं तर दोन भाकरीचं पीठ पडलं असतं. ह्यात दोन रेघा बी भरंनात!"

मलाही इरेला पेटल्यासारखं झालं होतं. हैदराबादहून मी उन्हावर फोन भरणारी सोलरची पाटी मागवली. दुकानाच्या गच्चीवर ठेवून स्वतः बघितली. चार तासांत फोन भरला. आक्का नेहमीसारखी ती कमरेला बांधायला लागली, तेव्हा मी चिडलो. "आक्का, ऊन आहे तिथं ही चालणार. चालून काय बघायलीस?" तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पाटी तशीच नेली.

माघातल्या एका बाजारी ती आली. पाटी माझ्यापुढं ठेवली. "नऊ मेंढरं गेली."

कापलेल्या ज्वारीच्या खुंटांना कोवळे कोंब फुटले होते. ते विषारी असतात. कळप त्यात शिरला आणि मेंढरं धडाधड पडायला लागली. दोनचं बटण दाबलं, तर फोन मेलेला. शिवप्पा पळत जाऊन डॉक्टरला घेऊन आला. बाकीची वाचली, नऊ तोवर गेली होती.

आणि मी काय बोललो? "पाटी नीट उन्हात ठेवली होतीस का?"

"ऊन थांबतंय का एका जागी? मी थांबते का?" तिचा आवाज चिरकला. "घोड्याच्या पाठीवर बांधली. घोडं वळलं की सावली. धूळ बसली की अंधार. तू गच्चीवर ठिवून बघितलास. मी काय गच्ची हाय व्हय?"

मला तिचा राग आला, पाटीचा आला. सगळ्यात जास्त माझा. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी तिच्याबरोबर चाललो. दुपारपर्यंत सगळं कळलं. घोंगडं घसरून पाटीवर येत होतं. ते सारखं करावं, तर घोडं दिशा बदलत होतं. ऊन कडक झालं, तशी माणसं-मेंढरं बाभळीखाली गेली आणि पाटीही सावलीला गेली. संध्याकाळी फोनवर एकच रेघ होती. मी पाटी बांधावर आपटणार होतो. शिवप्पानं हात धरला.

"एका दिवसात तापलास?" आक्का म्हणाली.

चालता चालता वीज तयार होणार नव्हती. ती तयारच न्यायला हवी होती. मी तिच्या फोनच्या चार जादा बॅटऱ्या भरून दिल्या, प्रत्येक वेगळ्या चिंधीत. आठवडी बाजार येईल त्या गावात शिवप्पानं त्या भरून घ्यायच्या. टॉवर नसेल तिथं फोन बंद. एरवी दिवसातून तीनदाच सुरू. आक्कानं गाठोडं कमरेला बांधलं, बस स्टँडपर्यंत जाऊन आली. "व्हय. जड न्हाई." मग थांबून म्हणाली, "हे सुचायला नऊ मेंढरं लागली तुला."

 

तीन हंगाम तसेच गेले. मग आक्काचे गुडघे गेले आणि रेणुकानं तिला हैदराबादला नेलं. शिवप्पा तिचाच फोन आणि बॅटऱ्या घेऊन एकटाच हिंडू लागला. एका दुपारी आक्काचा फोन आला.

"शिवप्पा लागंना रे. आठ दिस झाले. ती बाई म्हणायलीय, बंद हाय, बंद हाय."

मी समजावू लागलो. बॅटरी संपली असेल, टॉवर नसेल...

"ते मला शिकवू नको!" ती ओरडली. मग आवाज उतरला. "मी तिकडं हिंडायची, तवा माझी लेक इथं कशी बसत असंल, ते आत्ता कळायलंय."

मी दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल काढली. शिवप्पा देगलूरच्या अलीकडं सापडला. मेंढरं ठीक, तो ठीक. बॅटऱ्या तेवढ्या फुगून निकामी झालेल्या. मी माझ्या फोनवरून आक्काला लावून दिलं. तिनं ख्यालीखुशाली विचारली नाही. ती नुसत्या शिव्या देत होती, मला चार हातांवर ऐकू येत होत्या. आणि शिवप्पा भर उन्हात फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून "व्हय आक्का, व्हय आक्का" म्हणत रडत होता.