वहिनींपर्यंत न पोचलेला प्रश्न

तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित हे सांगवतंय. घरातल्या कुणाला, झाशीतल्या कुठल्या मैत्रिणीला, देवाला—कुणालाच मी हे सरळ शब्दांत सांगितलेलं नाही. देवासमोर नुसतं ‘चुकलं’ म्हणत आले. काय चुकलं, ते कधी म्हटलं नाही.

माझा थोरला भाऊ नोकरीसाठी सांगलीकडे गेला, तिकडेच त्यानं लग्न केलं, आणि तिकडेच एका अपघातात गेला. वहिनी सात वर्षांच्या मीनलला घेऊन झाशीला माझ्याकडे आल्या. लक्ष्मी गेटजवळच्या घरात आम्ही तिघी. मी शाळेत भूगोल शिकवायची. वहिनींना हिंदी येत नव्हती. भाजीवालीशी बोलायलाही मी लागायची. मीनलला माझ्याच शाळेत घातलं.

घरात तिची अखंड बडबड. शाळेचं फाटक आलं की गप्प—ओठ मिटलेले, मान ताठ. शाळेतली आया कौतुकानं विचारायची, “काए बिन्नू, बोलत काए नइयां?”—का गं बाळ, बोलत का नाहीस? मीनल नुसती बघायची. हिंदी तिला भराभर कळायला लागली होती, लिहायचीही छान. पण आवाज नाही. स्टाफरूममध्ये सगळ्या म्हणायच्या, तुमची भतीजी फार ज़िद्दी आहे हो. मलाही तसंच वाटायचं. आणि खोटं कशाला बोलू—मला तिची लाज वाटायची.

एकदा शाळेत पाहुणे आले. मुख्याध्यापिकांनी—बडी बहनजी म्हणायचो आम्ही त्यांना—मीनलला नाव सांगायला पुढे केलं. ती उभी राहिली. सगळे थांबले. पाहुणे हसले. बडी बहनजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “गूँगी है क्या?”

आणि मग—इथं येऊन मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा.

मी तिचा दंड धरून तिला खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं. म्हटलं, “नुसतं नाव सांग. आतून मोठ्यानं नाव ऐकू आलं की दार उघडीन.” बाहेरून कडी लावली आणि शेजारच्या वर्गात जाऊन मुलींना बेतवा नदी शिकवली. कुठे उगम पावते, एरच गावावरून कशी पुढे जाते. विसरले होते का मी तिला? नाही. सगळा तास ती माझ्या डोक्यात होती. वाटत होतं, आता हाक येईल. आता येईल.

दार उघडलं तेव्हा ती अगदी दाराला लागून उभी होती. फ्रॉक ओला झाला होता. तोंड उघडं होतं—म्हणजे ती प्रयत्न करत होती हो! मी फ्रॉक नळावर धुतला. घरी सांगितलं, पाणी सांडलं.

त्या दिवसापासून ती घरीही बोलेनाशी झाली. आईशीसुद्धा.

सरकारी इस्पितळात मुलांच्या मनाचे आजार बघणाऱ्या एक डॉक्टर बसायच्या. त्या हिंदी बोलणार, वहिनी मराठी—म्हणून मधली खुर्ची माझी. त्यांनी मीनलच्या न बोलण्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, सिलेक्टिव्ह म्यूटिझम. माझा चेहरा बघून सोपं केलं: “ज़िद नहीं है. यह बोलना चाहती है. डर इसकी आवाज़ गले में रोक लेता है.”

मला काय झालं, कसं सांगू? इतकी वर्षं मुलांमध्ये काढलेली मी, आणि हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही सगळ्या ज्याला हट्ट म्हणत होतो, त्याचं नाव भीती होतं. एक शब्द बदलला आणि समोर बसलेली मुलगी दुसरीच दिसायला लागली. ही रोज केवढी भीती पोटात घेऊन त्या फाटकातून आत जात होती! आणि तरी जात होती. दुसऱ्या दिवशी परत जात होती. मी तिच्याकडे बघतच राहिले.

एवढं मी वहिनींना नीट सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग डॉक्टर म्हणाल्या, “इनसे पूछिए, घर में तो बोलती थी. वहाँ बंद होने से पहले कुछ हुआ था? किसी ने डाँटा हो, बोलने की ज़बरदस्ती की हो?”

मी वहिनींकडे वळले. आणि म्हटलं, “डॉक्टर विचारतायत, मीनल नीट जेवते का?”

“जेवते की,” वहिनी म्हणाल्या. “पहिल्यासारखी नाही, पण जेवते.”

मी डॉक्टरांना सांगितलं, “कह रही हैं, ऐसा कुछ नहीं हुआ.”

मीनल खाली बसून लाकडी ठोकळे रचत होती. त्या खोलीत दोन्ही भाषा कळणाऱ्या आम्ही दोघीच. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मग हातातला ठोकळा तिनं हलकेच जागेवर ठेवला.

पुढचा प्रश्न होता, घरी हिचा सगळ्यात विश्वास कुणावर? वहिनी म्हणाल्या, “वन्संवरच की. किती करतात तिचं.” हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं.

परत येताना टेंपोत वहिनी म्हणाल्या, “वन्सं, मग माझंच चुकलं असणार. घरात मराठी, शाळेत हिंदी—पोर गांगरली. आजपासून मी तिच्याशी हिंदीच बोलीन.” डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. मला खरं कारण माहीत होतं. मी म्हटलं, “बघा, तुम्हाला वाटतं तसं.”

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. “मीनल, दूध पिती—पीती हो क्या?”

डॉक्टरांनी शिकवलेलं वहिनी मनापासून शिकल्या. प्रश्न विचारायचे नाहीत. शेजारी बसायचं, आपलं काम करत राहायचं, वाट बघायची. आधी साबणाचे फुगे, मग शिटी, मग बाहुलीच्या कानात कुजबूज. मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मायलेकी दोघीच. मी व्हरांड्यात.

एका दुपारी वहिनी फळ्यावर गाय काढत होत्या. मागून खुदकन हसू आलं. आणि मग आवाज, स्वच्छ, “बकरी है.”

वहिनी वळल्या नाहीत. बोलली तर गाजावाजा करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खडू न थांबवता त्या गाय काढत राहिल्या. “हाँ,” म्हणाल्या, “बकरी है.” मी खांब धरून उभी होते. एवढा मोठा क्षण इतक्या हळू आवाजात पार पडतो? नवरा गेलेली, परक्या गावातली ही बाई—कुठून आणलं हिनं हे बळ?

पुढे मीनल शाळेतही बोलायला लागली. एकदा वहिनींनी तिला विचारलं, तेव्हा घरी का गं बंद झाली होतीस? मी तिथेच होते. मीनल माझ्याकडे बघून म्हणाली, “याद नहीं, माँ.”

तिला आठवत होतं. मला वाचवलं तिनं, की मला घाबरली? मला माहीत नाही.

मीनल आता भोपाळला असते, चांगल्या नोकरीत आहे. मराठी तिला कळते, बोलता येत नाही. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, माझ्या मराठीपायी लेकीचा आवाज गेला होता. मी चहा पुढे करायची.

मागच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. शेवटी शेवटी त्यांच्या तोंडात मराठीच उरली होती. मीनल त्यांचा हात धरून मराठीत बोलायला जायची. अडखळायची, चुकायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. वहिनी म्हणायच्या, “राहू दे बाळ, हिंदीतच बोल. त्रास होईल तुला.”

मी त्यांच्या पायाशी बसले होते. सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.