दोन बोटांची जाहिरात

गिऱ्हाइकाला आधी मालातली खोट सांगायची आणि मग भाव, हा मावशींचा नेम. शिवणकामाच्या दुकानात तीस वर्षं त्यांनी तो मोडला नाही. कुणी एप्रन हातात घेऊन उलटसुलट करू लागलं की मावशी म्हणत, "खिसा दणकट आहे, पण पहिल्या धुण्यात एप्रन दोन बोटं आटतो. एक माप मोठाच न्या." त्यांचा एप्रन कधी परत आला नाही.

पुढे भाचीने नोकरी सोडली आणि मावशींचे एप्रन ऑनलाइन विकायला घेतले. इकडे बस्तान बसल्यावर तिने परदेशातल्या एका बाजारात पाऊल टाकलं. तिथल्या वेबसाइटवर तीन महिन्यांपुरती जागा मिळाली होती. तेवढ्यात माल उठला नाही, तर तिला पुन्हा जुन्या साहेबाचं दार ठोठावावं लागणार होतं.

जाहिरात पॉडकास्टसारखी करायचं ठरलं. दोन खुर्च्या, दोन माइक, सहज चालल्यासारख्या गप्पा आणि खाली तिकडच्या भाषेतल्या ओळी. त्या सहज गप्पा भाचीने आठवडाभर बसून लिहिल्या होत्या.

"मावशी, तू फक्त 'हो, अगदी' म्हणत मान डोलाव."

"म्हणजे नंदीबैल व्हायचं!"

रेकॉर्डिंग सुरू झालं. भाची मधाळ आवाजात म्हणाली, "हा एप्रन कितीही धुवा, नव्यासारखाच राहतो!"

मावशींची मान डोलायची ती आडवी हलली. "काय गं फेकतेस! दोन बोटं आटतो तो."

"मावशी! आपल्याला विकायचाय ना?"

"अगं, दुकानात माणूस कापड चुरगाळून बघतो. तिकडचे लोक काय तुझा आवाज चुरगाळणार? त्यांची बोटं आपणच व्हायला हवं."

रेकॉर्डिंगवाला तोंड दाबून हसत होता. खोली पाचपर्यंतच मिळाली होती. तोवर आणखी तीनदा प्रयत्न झाला, पण मावशी ओळखपत्राच्या फोटोसारख्या ताठ बसल्या. शेवटी भांडणासकट पहिलंच रेकॉर्डिंग पाठवावं लागलं.

आठ दिवस शुकशुकाट. भाचीचा डोळा मोबाइलवरून हलेना.

"कोंबडीसारखी बसू नकोस त्यावर," मावशी म्हणाल्या. "उबवून ऑर्डर निघत नाही."

नवव्या दिवशी तिकडच्या एका पाववालीचा निरोप आला. 'तुमचं भांडण दोनदा ऐकलं. धुतल्यावर काय होईल ते धुण्याआधी सांगणारं दुकान मला पहिल्यांदाच भेटलं. पण तुमची दोन बोटं म्हणजे नक्की केवढी?'

मावशींनी टेपवर दोन बोटं जोडून ठेवली. साडेतीन सेंटिमीटर. भाचीने फोटो काढून जाहिरातीखाली लावला. पाववालीने चार एप्रन मागवले. मग तिच्या शेजारच्या दुकानाने सहा, आणि महिना सरेपर्यंत ऑर्डरींची रीघ लागली. जो तो एक माप मोठा मागत होता.

"मावशी, मोठं माप संपलं गं!" भाची रडवेली झाली.

मावशींनी चष्मा नाकावर चढवला.

"मग रडतेस काय? कात्री दे इकडे."