संत्र्याच्या पेटीतली कोठी

आमच्या इवायांइतका भंगारावर जीव असलेला माणूस अख्ख्या मध्य प्रदेशात नाही, आणि सौसरहून महाराष्ट्राची हद्द सायकलीच्या टप्प्यात असल्यामुळे तिकडचीही हमी मीच घेतो. इवाई म्हणजे व्याही, माझ्या मुलीचे सासरे. मी पांढुर्ण्याचा निवृत्त मास्तर, ते सौसरचे निवृत्त लाइनमन. निवृत्त झाल्यापासून मी उठलेलो नाही आणि ते बसलेले नाहीत, एवढाच आमच्यात फरक. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी रीतीप्रमाणे मी त्यांना दुपट्टा-टोपी द्यायला उभा राहिलो, तर हा माणूस माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. तिथे कोपऱ्यात आमचा मेलेला कॉम्प्युटर होता आणि त्यावर बायकोने कांद्याची टोपली ठेवली होती. "इवाई," ते हळूच म्हणाले, "दुपट्टा राहू द्या. थे कांद्याखालचं देता का?" माझ्या मेव्हण्याला वाटलं, हुंडा मागून राहिले. तो बाह्या सरसावून पुढे आला. मग त्याने टोपली उचलून पाहिली, आत झुरळांनी मांडलेला संसार पाहिला आणि बाह्या उतरवून मागे जाऊन बसला. इवायांनी ते धूड जीपमध्ये मांडीवर घेऊन सौसरला नेलं. मुलगी सासरी जायच्या चार महिने आधी माझा कॉम्प्युटर त्या घरी नांदायला गेला.

पुढे कळलं की हे काही आमच्यापुरतं नव्हतं. नात्यातल्या कुठल्याही घरी हे गेले की चहाच्या आधी विचारायचे, "काही बिघडलेलं हाय का घरात?" लोक सुनेबद्दल सांगायला लागत. यांना हवी असायची हार्ड डिस्क, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती सगळं साठवून ठेवणारी लोखंडी डबी. लोधीखेड्याच्या बाजारात एक जण जुनं सामान पोत्यावर मांडून बसतो. तिथे हे उकिडवे बसणार, डबी उलटीपालटी करणार, वास घेणार, मग तिला करंट देऊन कानाला लावणार. बैलाचे दात पाहतात तसं सगळं सावकाश. एकदा मी सोबत होतो. "बँकेतली घेऊ नाई," ते मला शिकवू लागले, "लय राबवलेली असते. शाळेतली घ्यावं. शाळेत तिनं काईच काम केलेलं नसते." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकं ते मनापासून होतं. दर शनिवारी जामसांवलीला जायचा त्यांचा नेम आहे. पण मारुतीरायाचं दर्शन पाच मिनिटांत आटोपतं आणि परतीला बोरगावच्या भंगारवाल्याकडे दोन घंटे जातात. तिथे एका बंद पडलेल्या कचेरीचे कॉम्प्युटर किलोवर आले होते, त्या दिवशी ते प्रसादाचा नारळ तिथेच विसरून आले.

हे सगळं कशासाठी, तर घराला एक कोठी हवी म्हणून. धान्याची कोठी असते तशी, पण फोटोंची, कागदपत्रांची, आवाजांची. घरात कुणीही मोबाइल घेऊन शिरलं की त्यातलं सगळं बिनतारी त्या कोठीत जाऊन पडावं आणि हवं तेव्हा कुणालाही काढता यावं. "आपला माल आपल्या घरी. दुसऱ्याच्या गोदामात कायले ठेवा अना दर महिन्याले भाडं कायले द्या?" असं त्यांचं म्हणणं. माझ्या कांद्याखालच्या कॉम्प्युटरची मदरबोर्ड नावाची पाटी, बोरगावच्या दोन डिस्का, कुठल्याशा केबलवाल्याच्या दुकानातला पंखा, असा सारा गोतावळा जमला. पेटारा मात्र त्यांना मनाजोगता मिळेना. शेवटी त्यांनी संत्र्याची लाकडी पेटी घेतली. फळ्यांमध्ये फटी असतात, आयती हवा खेळते. "संत्रं सडत नाई, तर हे काहून सडंल?" लाइट गेली तर काय, म्हणून फवारणीच्या पंपाची बॅटरी काढून एका मेलेल्या यूपीएसमध्ये बसवली. त्या हंगामात त्यांच्या बगिच्यात फवारणी झालीच नाही, आणि किड्यांनी इवायांना काय दुवा दिला असेल तो असो. वर चढवायची सिस्टीम फुकटात मिळते म्हणे. ती चढवताना त्यांनी चौदा वेळा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पंधराव्यांदा चालू झाल्यावर मला पांढुर्ण्याला फोन केला. "इवाई, कोठी बोलली." मी दुपारचा झोपलो होतो. म्हटलं, काय बोलली? "नाव विचारून राहिली," म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा होता की मी झोप सोडून उठून बसलो.

त्यांची खरी ऐट होती ती डिस्कांच्या जोडीची. दोन डिस्का, दोन्हींवर तंतोतंत तेच सामान. एक बसली तर दुसरी ओढते. ट्रॅक्टर आल्यावर त्यांनी बैल विकले होते आणि त्याची रुखरुख त्यांना होती, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे ते डिस्कांना "उजवा" आणि "डावा" म्हणू लागले तेव्हा मी हसलो नाही. म्हणजे त्यांच्यासमोर हसलो नाही.

आता इहीणबाईंबद्दल सांगायला हवं, म्हणजे त्यांच्या मंडळींबद्दल. या बाईचा आवाज म्हणजे अख्ख्या आळीचं घड्याळ. त्या गच्चीवरून मिरच्या वाळवायला हाक मारत, तेव्हा चौथ्या घरातल्या बाया मिरच्या वाळत घालत. माझी मुलगी पुण्याला राहायला गेल्यावर तिला त्या रोज व्हॉइस मेसेज पाठवायच्या. एकेक दहा-दहा मिनिटांचा. वरणाला फोडणी कशी दे, शेजारणीच्या सुनेनं काय केलं, संत्र्याला यंदा बहार कसा, आणि मधे मधे नवऱ्याला शिव्या. "तुहा सासरा पाय, अजून एक डबडं घेऊन आला. घरात पाय ठेवाले जागा नाई अना हा आनून राहिला." मुलगी सौसरला आली की ते सगळे मेसेज हौसेने त्या कोठीत ठेवायची. मग मागल्या वर्षी इहीणबाईंना लकवा मारला. हात-पाय हळूहळू वळणावर आले, वाचा नाही आली. सगळं कळायचं, ओठ हलायचे, शब्द निघायचा नाही. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यांचा जुना आवाज कुठे आहे का? रोज त्यांनाच त्यांचा आवाज ऐकवा, सोबत बोलायला लावा. तेव्हापासून रोज चारला इहीणबाई कोठीसमोर खुर्ची टाकून बसतात, पेटीतून त्यांचाच खणखणीत आवाज निघतो आणि त्या त्याच्यामागून एकेक शब्द ओढत जातात. आधी नुसतं "हं". मग "वरन". मग "फोडनी". नवऱ्याला द्यायच्या शिव्या त्यांना सगळ्यांत आधी यायला लागल्या, आणि शिवी पडली की इवाई खुशीने आळीत साखर वाटायचे. माझ्या मुलीचा मोबाइल मधे बादलीत पडला आणि मेसेज तिच्याकडचे गेले. इहीणबाई बोलायच्या इवायांच्याच मोबाइलवरून, आणि त्यातले त्यांनी कोठीत आहेत म्हणून कधीच पुसले होते. म्हणजे ती वाचा आता फक्त संत्र्याच्या पेटीत होती. मी इवायांना म्हटलं होतं, आणखी कुठे एक प्रत ठेवा. "जोडी हाय न," ते म्हणाले. आणि दुसऱ्याच्या गोदामात ठेवायचं नाही हे त्यांचं ब्रीद होतंच.

यंदा पोळ्याला मी सौसरला होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात दगडफेकीच्या जत्रेला जी गर्दी उसळते, ती माझ्या गुडघ्यांना मानवत नाही. आदल्या संध्याकाळी पाहतो तर इवाई लोण्याची वाटी आणि हळद घेऊन पेटीपुढे बसलेले. बैलांचे खांदे शेकतात तसे त्यांनी दोन्ही डिस्कांना वरून लोणी-हळदीचं बोट लावलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणाले आणि बटण दाबून कोठी बंद केली. दोन वर्षं रात्रंदिवस चाललेली जोडी. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नसतं, मग यांच्याही नाही. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. इहीणबाईंनी पोळ्याचा दिवस त्या पेटीकडे पाहत काढला. सणाचा त्यांचा एक दिवस मुका गेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर इवायांनी बटण दाबलं. पंखा फिरला. डावा घुं करून उठला. उजवा टिक म्हणाला. पुन्हा टिक. मग गप्प. इवायांनी दोनदा-तीनदा करून पाहिलं आणि मग ते जमिनीवरच बसले. मुलीला फोन लावला, ती या कामात असते. ती म्हणाली, बाबा, जुन्या डिस्क सतत चालू असतात तोवर चालतात, थंड झाल्या की पुष्कळदा उठत नाहीत, थांबवायच्याच नव्हत्या. लोण्याने काही झालं नव्हतं, विश्रांतीने झालं होतं. आणि डावाही त्याच वयाचा, त्याच कचेरीतला. "त्याला आता बंद करू नका," मुलगी म्हणाली, "आणि आधी आईंचे मेसेज बाहेर काढा. लगेच." दारात इहीणबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाहेर काढा म्हणजे कुठे? बिनतारी काढायला तासन्तास गेले असते, तार हवी, आणि इवायांच्या मोबाइलचं तार जोडायचं भोक त्यांनीच दुरुस्त करून कायमचं बंद केलं होतं. मी माझा मोबाइल पुढे केला. जागा शून्य. निवृत्त मास्तरांच्या गटावर रोज पहाटे येणारी गुलाबाची फुलं, उगवते सूर्य, सुविचार, वर्षानुवर्षांचे. माझ्याच पाठवणीचे अर्धे. "पुसा," इवाई म्हणाले. मी म्हटलं, बघून बघून पुसतो. "इवाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजात मला भीती ऐकू आली, "पाहू नका. पुसा." मी सगळे सूर्य एका फटक्यात मावळवले. तार जोडली, मॉनिटरवर हिरवी पट्टी सरकू लागली. दहा टक्के. पंधरा. डावा मधेच खरखर करायचा, पट्टी थबकायची, आम्ही तिघं श्वास धरायचो, पुन्हा सरकायची. चाळीसवर मी मारुतीला नारळ बोलून टाकला. बावन्नवर लाइट गेली.

मॉनिटर काळा. बॅटरीवर तो जोडलेलाच नव्हता, फक्त पेटी जोडली होती. पेटी चालू आहे की नाही, चालू असेल तर काम करतेय की नुसती फिरतेय, काही दिसेना. पंपाची बॅटरी पीं पीं करून ओरडायला लागली. इवाई गुडघ्यांवर आले आणि त्यांनी पेटीच्या फळीला कान लावला. "चालून राहिला," ते म्हणाले. "वाचून राहिला. आता लिहून राहिला." त्यांचा हात पेटीवर होता, ओझ्यानं थांबलेल्या जनावराच्या पाठीवर असतो तसा, आणि ते त्याला पुटपुटत होते, "चाल न बाप्पा. थोडंच राहिलं. चाल." मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा घेतल्या, पण इतका घाम मला कुठल्याच वर्गात फुटला नव्हता. पीं पीं जवळजवळ सलग झालं. इवायांनी कान उचलला. "थांबला," म्हणाले. "झालं म्हणून थांबला का मेला म्हणून थांबला, थे नाई समजून राहिलं." आणि लाइट आली. मॉनिटर उजळायला त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला असावा. पट्टी पूर्ण हिरवी होती. मी इवायांना मिठी मारली. पंचवीस जणांच्या साक्षीने झालेल्या साक्षगंधातही आम्ही इतके जवळ आलो नव्हतो.

चार वाजले होते. खुर्ची टाकली, माझ्या मोबाइलवर मेसेज लावला आणि तो दणदणीत आवाज घरभर झाला. इहीणबाई त्याच्यामागून बोलत राहिल्या, अडखळत, रोजच्यासारख्या. इवाई मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "आता तुमच्याकडंही राहू द्या. मुलीकडंही पाठवा. दुसऱ्याचं गोदाम तर दुसऱ्याचं." आयुष्यभराचं ब्रीद त्यांनी इतक्या साध्या आवाजात सोडलं की मी थट्टा सोडून लगेच मुलीला मेसेज पाठवायला घेतले.

पाचची बस होती, ती पोचेपर्यंत पांढुर्ण्यातली गर्दी ओसरलेली असते. मी पिशवी उचलली, चपला घातल्या, येतो म्हटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "इवाई."

इवाई तर माझ्यासमोर होते. मी वळलो. इहीणबाई खुर्चीचा हात धरून उभ्या होत्या. मान ताठ, कपाळाला आठ्या, शब्द आतून खेचून आणल्यासारखे एकेक करून आले. "जेवून... जा."

ते सगळे मेसेज मुलीला पाठवलेले. त्यांत त्या मला कुठेच हाक मारत नाहीत. जेवून जा कुणालाच म्हणत नाहीत, कारण ज्याला म्हणायचं तो समोर असतो, त्याला मेसेज कोण पाठवतो. हे वाक्य पेटीत नव्हतं, डाव्यात नव्हतं, उजव्यात नव्हतं. हे त्यांनी स्वतः केलं होतं. इवायांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी मोबाइल काढला. "पुन्हा म्हणायला सांगा त्यांना, भरून घेतो," मी म्हणालो.

"राहू द्या," ते म्हणाले. "तिले येऊन राहिलं आता."

दुपारच्या पुरणपोळ्या अजून गळ्याशी होत्या. मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि पाटावर बसलो. बस गेल्याचा आवाज आला, तेव्हा इहीणबाई मला वाढत होत्या.