सावडीच्या खारोड्या आणि करारातली एक अट

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, पाथर्डीजवळचं आमचं गाव. ऊसतोडीला निघालेला ट्रक बचत गटाच्या शेडसमोर उभा होता, आणि नेमके तेव्हाच पुण्याहून सुपरमार्केट कंपनीचे साहेब न सांगता येऊन टपकले...

मी राहते नगरला, सावेडीत. पण माझी थोरली नणंद, शांताआक्का, गावातल्या बायकांचा गट चालवते आणि त्याची बिलं, मेल, फोनाफोनी माझ्या गळ्यात. गट बाजरीच्या खारोड्या करतो, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे उन्हात वाळवलेले सांडगे. या कंपनीची ऑर्डर मिळाल्यापासून बायकांच्या हातात वर्षभर पैसा खेळायला लागला होता.

करारात कंपनीची एक अट होती. आमच्यापेक्षा कमी दराने दुसऱ्या कुणालाही माल द्यायचा नाही. दिलात तर तोच कमी दर आम्हालाही लागू. सही करण्याआधी मी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती. बायका हसल्या होत्या, "कमी भावात द्यायला आमी काय येड्या हाय का?"

आता गंमत बघा... आम्ही तर ते दर वर्षी करत होतो! ऊसतोडीहून परतलेल्या बायका उन्हाळ्यात खारोड्या घालायला येतात. कढत पीठ, वरून ऊन, बोटं पोळून निघतात. त्याची मजुरी नाही, ती सावड, कामाच्या बदल्यात मदत. बदल्यात दिवाळीनंतर निघताना त्यांना निम्म्या भावात पाकिटं मिळतात. साखर कारखान्यावर कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, भाजी नसते तेव्हा भाकरीबरोबर तेवढाच आधार.

याला 'कमी दराने विक्री' म्हणतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी म्हणे बी.कॉम.!

तर त्या रविवारी साहेबांनी टेबलावर मांडलेली पाकिटं बघितली. ऊसतोडीला निघालेल्या बायकांच्या रांगेत पुढे मीरा होती, तिला विचारलं, केवढ्याला घेतलं? तिने ट्रककडे बघत सरळ सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा उतरला.

"मॅडम, हा करारभंग आहे. हे आत्ताच्या आत्ता बंद करा, नाहीतर आम्हालाही हाच रेट द्या. मागच्या मालाचा फरकसुद्धा बिलातून कापला जाईल."

त्या भावात बाजरीचाच खर्च जेमतेम निघतो. सगळा माल तसा दिला तर गटाला टाळं लागणार, हे मला उभ्या उभ्या कळत होतं.

मी शेडमागे जाऊन नगरच्या वकील मैत्रिणीला फोन लावला. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, अशा अटी सर्रास असतात, अट आहे म्हणून ती बेकायदेशीर ठरत नाही. मोठी कंपनी तिच्या जोरावर बाजारातली स्पर्धाच मारत असेल तर स्पर्धा आयोग लक्ष घालतो. पण एका गावातल्या एका गटासाठी तिथपर्यंत पोचणं अवघड आहे. "त्यापेक्षा अपवाद लिहून घ्या. त्या बायका गिऱ्हाईक नाहीत, हे पटवा."

पटवा! बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता.

मी शेडमध्ये परत आले. मीराने आपली पाकिटं पिशवीतून काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्या मागच्या बाईनेही ठेवली... मग तिच्याही मागच्या बाईने.

"ऱ्हाऊ द्या, आक्का," मीरा म्हणाली. "आमच्यापायी तुमची आर्डर जायला नको."

मला रडूच फुटलं. साहेबही खाली बघायला लागले. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून कुणीतरी विचारणारच होतं.

आक्का मात्र उठली. मीराचा हात धरून तिला साहेबांसमोर नेलं आणि तो हात उलटा करून दाखवला. बोटांच्या टोकांवर उन्हाळ्यातल्या चटक्यांचे डाग अजून होते.

"साहेब, तुमी बी वैशाखात या, खारोड्या घाला, आन् ह्याच भावात न्या. मी न्हाई म्हननार न्हाई. पर ह्या बायांची पाकिटं मी ठिवून घेनार न्हाई. आर्डर ठिवायची तर ठिवा."

मी तिच्याकडे बघतच राहिले. अख्ख्या गटाची कमाई तिने पणाला लावली होती, आणि आवाज जरासुद्धा कापला नव्हता. मग तिने एकेकीची पिशवी स्वतः भरून दिली. ट्रक गेला. साहेब चहासुद्धा न घेता गेले.

पुढचे दिवस कसे काढले माझं मला ठाऊक. मैत्रिणीच्या मदतीने मी मेल लिहिला, सावड म्हणजे काय ते समजावलं, अपवाद मागितला. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे... परवा उत्तर आलं. उत्पादनात श्रम देणाऱ्या स्त्रिया या अटीतून वगळल्या आहेत. मागचा फरकही कापणार नाहीत. साहेबांनी आमच्या बाजूने लिहिलं असावं, असं मला वाटतं. मात्र ऑर्डर निम्म्यावर आणली आहे.

निम्मी! म्हणजे आनंद मानायचा की डोकं धरून बसायचं, तेच कळेना.

काल मीराचा फोन आला, कारखान्याच्या तळावरून. मागे कोयत्यांचा खणखणाट चालू होता. "वैनी, आर्डर गेली का हो?" तिचा पहिला प्रश्न. मी खरं ते सांगितलं.

"मंग दुसरं गिऱ्हाईक बगा तुमी," ती म्हणाली. "वैशाखात आमी समद्या येतो. हात कमी पडू देनार न्हाई."

आज सकाळपासून मी नव्या दुकानदारांना फोन करते आहे. दराचं बोलणं निघालं की आधी मीराच्या निम्म्या भावाचं सांगते, मग खारोड्यांच्या दराचं.