वैजूच्या समोरची खुर्ची

फोन आला तेव्हा सुहासराव बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कणीक भिजवत होते. हॉस्पिटलची नर्स होती. तिने फोन घेतल्याबद्दल आधी आभार मानले, मग एकच वाक्य बोलली आणि गप्प झाली. त्या वाक्यातलं इंग्रजी मला कळलं नाही, पण त्यानंतरची शांतता कळली... वैजू गेली होती. वाईट बातमी अशीच सांगायची असते हे मी याच टेबलाशी बसून शिकले होते.

वैजयंती माझी धाकटी बहीण, सुहासरावांची बायको. मी चौथीनंतर घरी राहिले, ती शिकत राहिली आणि इथे परदेशात, रिचमंड हिलला शिक्षिका झाली. मुलगी झाली तेव्हा तिने मला बोलावून घेतलं, ती मी इथलीच झाले. चाळिशी उलटल्यावर तिने मुख्याध्यापक व्हायचं मनावर घेतलं. त्यासाठी इथे पुन्हा युनिव्हर्सिटीतून पदवी घेऊन परवाना मिळवावा लागतो. आठ-दहा शिक्षकांची एक तुकडी करतात, तिला कोहोर्ट म्हणतात. सगळ्यांनी बरोबर सुरू करायचं, बरोबर संपवायचं. शनिवारी तुकडी आमच्या बेसमेंटमध्ये जमायची. मी वडे नेऊन ठेवायची आणि कुणी काही विचारायच्या आत वर यायची.

पुढे त्यांना शाळेत नको असलेल्या शिक्षकाला तसं तोंडावर सांगायचा धडा आला. आधी आभार मानायचे. वाईट ते एका वाक्यात सांगायचं. मग गप्प बसायचं, जो आधी बोलेल तो हरला. टिश्यूचा खोका आधीच समोरच्याच्या बाजूला ठेवायचा. सराव वर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चालायचा, आणि समोर बसायला कुणीतरी हवं होतं.

"अक्का, तूच बस. आमच्यातले सगळे बोलघेवडे. तुझ्याइतकं गप्प बसणारं माणूस शोधून मिळणार नाही."

सुरुवातीला ती खोट्या चुका काढायची. मग तिला त्या मिळमिळीत वाटायला लागल्या. "खऱ्या घेते हं," म्हणाली. सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलायची आणि माझ्यासाठी पुन्हा मराठीत. तू दारात येऊन बघत उभी राहतेस म्हणून पोरगी मैत्रिणींना घरी आणत नाही. इतक्या वर्षांत तुला एकटीने बसने जाता आलं नाही. तुझं इथलं काम आता उरलेलं नाही... आणि मग माझ्याकडे बघत राहायची. मीही बघत राहायची. शेवटी मॉरीन नावाची तिची तुकडीतली मैत्रीण टाळ्या वाजवायची.

"बघ, हिट आहेस तू," वैजू म्हणायची. "चहा टाक आता सगळ्यांना."

मी त्या खोक्याला कधी हात लावला नाही.

दुसऱ्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. केमोनंतरही ती पलंगावर लॅपटॉप घेऊन वर्गाला बसायची. सुहासराव म्हणाले, पुढच्या तुकडीबरोबर कर. ती म्हणाली, "मला याच तुकडीबरोबर संपवायचंय. पुढची तुकडी येईल तेव्हा मी नसेन." दुसरं काही तिने मागितलं नाही.

एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर लॅपटॉपवर मॉरीन होती. "थँक यू फॉर मेकिंग द टाइम," ती म्हणाली. माझ्या हातातली वाटी तिथेच थांबली. मग ते एक वाक्य. वैजूमुळे सगळ्यांचं काम अडतंय, म्हणून तिला पुढच्या तुकडीत टाका असं सगळ्यांनी मिळून युनिव्हर्सिटीला कळवलंय, हे मला नंतर समजलं. मॉरीन गप्प बसली. वैजूही गप्प. किती तरी वेळ... शेवटी मॉरीनच म्हणाली, "वी लव्ह यू." वैजूने झाकण मिटलं.

"बोललीच. हरली," ती म्हणाली. "दहापैकी सात." हसता हसता तिला उबळ आली. पाणी पाजलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अक्का, मी ते तुला म्हणायचे ना, तुझं काम उरलेलं नाही म्हणून..."

मी वाट पाहिली.

"ते वाक्य मला जमलं होतं ना?"

जमलं होतं, मी म्हटलं.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी मॉरीन पदवीचा फोटो घेऊन आली. सगळे काळ्या झग्यांत, मधली एक खुर्ची वैजूसाठी रिकामी ठेवलेली. आमच्या टेबलाशी मॉरीन नेमकी वैजूच्या खुर्चीत बसली. आभार मानले, फोटो माझ्यापुढे सरकवला आणि थांबली. सुहासराव दारातून म्हणाले, "अक्का, काहीतरी बोला." मी मॉरीनकडे बघत राहिले. मग ती बोलायला लागली. तिच्या एकटीच्या मनात नव्हतं, सगळ्यांनी ठरवलं, तिला झोप लागत नाही... सुहासराव मराठीत सांगत होते, मग तेही थांबले. ती रडायला लागली. टिश्यूचा खोका माझ्या बाजूला होता. तिचा हात तिथवर पोहोचत नव्हता. मी तो सरकवला नाही.

फोटो सुहासरावांनी कपाटावर ठेवलाय. खोका टेबलावर तसाच आहे, वैजू ठेवायची तिथे, माझ्या बाजूला. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा मी माझ्या खुर्चीत बसते. समोर तिची खुर्ची. आता आम्हा दोघींत आधी कोण बोलतं ते बघायचं. मला घाई नाही.