हात धुणं थांबेना तेव्हा

"हा मुळात कातडीचा आजार नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मला आधी रागच आला. जळगावच्या दवाखान्यात माय तीन दिवसांपासून सलाइनवर होती. उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला, बोटांच्या पेरांवर भेगा, भेगांत पू. मला तर सगळं कातडीवरच दिसत होतं.

मॅडमनी शांतपणे सांगितलं. सुजेला सेल्युलायटिस म्हणतात, म्हणजे भेगांतून आत शिरून कातडीखालच्या थरात पसरलेला जंतुसंसर्ग. "इंजेक्शनांनी तो उतरतोय. अजून दोन दिवस घरी काढले असते तर हाताला छेद द्यावा लागला असता. पण मला हे सांगा, तुमच्या आई दिवसातून किती वेळा हात धुतात?"

"माय फार स्वच्छतेची आहे," मी म्हणाले. अभिमानानं म्हणाले, हे लिहिताना अजून टोचतं.

मॅडम मायकडे वळल्या. मायची नजर वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या बेसिनवर होती. "मॅडम, ही सुई जराशी काढा ना. माले हात धोवाले जानं शे."

"आत्ता कशाला?"

"तुम्ही हात लावा ना," माय ओशाळून म्हणाली. मॅडमनी नुकताच तिचा हात तपासला होता.

मॅडमनी कागदावर तीन अक्षरं लिहिली. ओसीडी. ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. मनात एक भीती सारखी डोकं वर काढते आणि तिला गप्प करायला माणूस एकच कृती पुन्हा पुन्हा करत राहतो. हात सुजले ते धुण्यानं, आणि धुणं थांबत नव्हतं ते मनामुळे. "मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. नाहीतर महिन्याभरात इथंच भेटू."

मी तो कागद हातात धरून बाहेरच्या बाकावर बसले. महामारी सरून वर्षं झाली. आमच्या धरणगावातल्या हॉटेलात बेसिनवरची साबणाची बाटली कधीच कोरडी पडली. लग्नाच्या पंगतीत लोक पॅन्टला हात पुसून जेवायला बसतात. अख्खं गाव हात धुणं विसरलं आणि माझ्या मायला ते थांबवता येत नव्हतं. आणि हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळावं लागलं.

मायचे हात म्हणजे काय होते, ते सांगायला हवं. आमच्याकडे पुरणाचे मांडे खापरावर करतात. त्याला लाटणं नसतं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांच्या पाठीवर, मनगटावर, कोपरापर्यंत झेलत झेलत रुमालासारखा पातळ करायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायचा. ते काम मायसारखं चार गल्ल्यांत कुणाला जमत नव्हतं. लग्न असो, अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, बोलावणं तिलाच.

दुसऱ्या लाटेतल्या अखाजीला तिनं शेजारच्या नानांकडे मांडे पाठवले. आठ दिवसांत नाना गेले.

त्यानंतर ती मांडे करेनाशी झाली. आम्ही म्हटलं, वय झालं. धुणं वाढलं, आम्ही म्हटलं, चांगली सवय. साबणाची वडी दोन दिवसांत संपायची. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. टाकी चौथ्या दिवशी तळाला जायची तेव्हा माझे वडील, आबा, ओरडायचे, "काय हत्ती धुतला का काय!" आम्ही हसायचो. मायसुद्धा हसायची आणि मोरीत जायची.

मोरीतून ती विचारायची, "हात साफ व्हयनात ना व?" मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणायची, "हो गं, झाले." दिवसातून तीस वेळा म्हटलं असेल. प्रेमानं म्हटलं.

मानसोपचारतज्ज्ञ वयस्कर होते, बोलणं मऊ. त्यांनी मायला विचारलं, "हात धुतले नाहीत तर काय होईल असं वाटतं?"

"कोनी मरी जाई."

"हे मनात कसं येतं? कुणी बोलल्यासारखं?"

माय ताठ बसली. मग शाळेतली कविता म्हणावी तशी, शुद्ध मराठीत म्हणाली, "तुमचे न धुतलेले हात कुणाचा तरी जीव घेत आहेत."

हे वाक्य माझं होतं.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. आबा प्रत्येक सभेतून, मोर्चातून पत्रकं आणायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. माणसाला खरं ठणकावून सांगितलं की माणूस बदलतो, हा माझा धर्मच. महामारीत मी हात धुण्याचं पत्रक लिहिलं, छापून घेतलं, गल्लोगल्ली वाटलं. त्याचा मथळा हा. लोकांनी त्यात भजी बांधली. एक पत्रक मी मोरीच्या दारावर चिकटवलं होतं. माय चौथी शिकलेली. तिनं ते वाचलं आणि शब्द न् शब्द खरा मानला. नाना गेल्यावर त्या मथळ्यातल्या 'कुणाचा तरी'ला तिला नाव मिळालं.

मी खुर्चीतून उठले. "डॉक्टर, ते मी लिहिलं होतं."

"बसा," ते म्हणाले. "हा आजार पत्रकानं होत नाही. मनाची तशी घडण असते, त्यात धक्का बसतो. तुमचं वाक्य नसतं तर भीतीनं दुसरं शोधलं असतं." नंतर चष्मा पुसत म्हणाले, "पण वाक्य फार जोरदार होतं, हे खरं."

घरी येऊन मी तेच केलं जे मला येतं. पटवून देणं. नानांच्या घरच्या अक्कांना बोलावून आणलं. अक्कांनी मायला जवळ घेतलं. "येडी शे का तू? त्यासले मांडा येवाना आदीच ताप व्हता. तुना मांडा तर त्यासनी चाखाबी नही!"

माय रडली. चेहरा मोकळा झाला. मला वाटलं, संपलं. तासाभरानं मोरीत नळ सुरू झाला. साडेचार वर्षांचं ओझं उतरवणारी गोष्ट तासभरसुद्धा टिकली नाही, ह्याचा मला दवाखान्यातल्यापेक्षा मोठा धक्का बसला.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सांगितलं ते ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी नीट वाचा. समजूत घालणं हीसुद्धा त्या आजाराची भाकरी आहे. "तुम्ही दिलेलं 'हो, स्वच्छ आहेत' आणि तिनं घेतलेला साबण, दोन्हींचं काम एकच. खाजवलं की खाज जाते आणि पुन्हा वाढून येते." गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सोबत एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे ज्याची भीती वाटते ते थोडंथोडं करायचं आणि नेहमीची सुटका टाळायची. हे आपल्या मनानं सुरू करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

आणि हात धुणं सोडायचं नाही. स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, संडासहून आल्यावर, आजारी माणसाला हात लावल्यावर. साबणानं, वीस सेकंद, एकदा. नळ बंद केला की झालं.

घरातला पहिला धडा होता दाराची कडी. माय कडीला हात लावून ओसरीवर बसली. अर्धा तास मोरीत जायचं नव्हतं. दोन मिनिटांत तिच्या कपाळावर घाम आला. हात अंगापासून लांब धरलेले.

"साफ शेत ना व मना हात?"

डॉक्टरांनी उत्तर शिकवून ठेवलं होतं. मी म्हणाले, "मला माहीत नाही, माय."

"आसं काय करस? सांग ना."

"खरंच माहीत नाही."

"इतली शिकनी, गावभर कागद वाटस, आनि मायले एक शब्द सांगत नही! तू मनी पोर नही, वैरीन शे!"

आबा उठून गल्लीत निघून गेले. मी खांबाला टेकून बसले आणि जीभ दातांखाली धरली. आयुष्यात मी एवढी गप्प कधी बसले नव्हते. विसाव्या मिनिटाला तिचे खांदे खाली आले. पंचविसाव्याला तिनं हात मांडीवर ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "च्या मांड."

तो चहा ती त्याच हातांनी प्याली.

आता सात महिने झाले. भेगा भरल्यात, कातडी अजून नाजूक आहे. काही दिवस वाईट जातात, एखाद्या दिवशी नळ पुन्हा पुन्हा वाहतो. डॉक्टर म्हणतात, असं चालायचंच. त्या दोन्ही डॉक्टरांचे उपकार मी मानते. त्यांनी मला ओरडून सांगण्यापलीकडचं काहीतरी शिकवलं.

परवा माय मेथी निवडत होती. मधेच थांबली, हात उलटेसुलटे करून पाहिले. "साफ शेत ना व?" तिनं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत स्वतःच हसली.

"जाऊ दे. तुले बी माहीत नही, माले बी नही," ती म्हणाली आणि पुढची जुडी निवडायला घेतली.